सशाच्या पायाखाली

मराठी भाषेने बहुतेक सर्व पाळीव प्राण्यांना राहायला जागा दिली आहे. गाईला गोठा आहे, घोड्याला पागा आहे, कोंबडीला खुराडे आहे, कबुतराला ढाबळ आहे. फार काय, हत्तीलाही पीलखाना आहे. सशाला मात्र आपल्या भाषेने घर दिलेले नाही. भाषांतर हा माझा पेशा असल्यामुळे ही उणीव माझ्या ध्यानात आली, ती ससेपालनावरील एका इंग्रजी पुस्तिकेच्या निमित्ताने. सशाच्या निवासासाठी त्या पुस्तिकेत जो शब्द होता, त्याकरिता मी कोश चाळले, सहकाऱ्यांना विचारले, आणि अखेर सारेच करतात त्याप्रमाणे ‘पिंजरा’ असे लिहून पुढच्या ओळीकडे वळलो.

शब्द नसण्याला कारण आहे. आपल्या माळरानांत दिसणारा ससा घरात राहतच नाही. मानेवर काळा डाग असलेला हा ससा बीळसुद्धा खणत नाही. गवताच्या आडोशाला अंग चेपून तो पडून राहतो आणि चाहूल लागताच बाणासारखा सुटतो. ‘ससेहोलपट’ हा शब्द आठवतो तो या धावत्या सशाच्या संबंधात. तो रानचा रहिवासी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षणही दिले आहे. मुलांच्या हट्टापायी आपण घरी आणतो तो पांढरा, गुबगुबीत ससा निराळा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. मऊ मातीत बिळे खणून मोठ्या कुटुंबकबिल्याने राहणारे. आपण दोघांनाही एकच नाव दिले, आणि बीळ खणणाऱ्या या परदेशी पाहुण्याला बिऱ्हाड दिले ते पक्ष्याचे!

यात किती विसंगती आहे ते पाहा. पोपट पिंजऱ्यात बसतो तो दांडीवर. पिंजऱ्याच्या तळाशी त्याचा संबंध जेमतेम. तो तळ असतो फळांच्या साली आणि विष्ठा पडण्यासाठी. म्हणून तो तारेचा असला काय किंवा पत्र्याचा असला काय, पोपटाचे फारसे बिघडत नाही. ससा मात्र दांडीवर बसत नाही. तो चोवीस तास त्या तळावरच उभा असतो, त्यावरच झोपतो, त्यावरच उड्या मारतो. पक्ष्यासाठी जो केराचा कोपरा होता, तोच सशाचे सारे जग होऊन बसतो.

हा विचार मला सुचला तो कागदावर नव्हे, प्रत्यक्ष एका सशाच्या पायापाशी. दिल्लीतल्या ज्या सरकारी वसाहतीत आम्ही राहतो, तेथे बदली ही ऋतूसारखी नेमाने येते. आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब होते. त्यांची बदली गुवाहाटीला झाली. इतक्या लांबच्या प्रवासात सशाला नेणे त्यांना अवघड वाटले, आणि आमच्या मुलीची त्याच्याशी आधीपासूनच गट्टी होती. तेव्हा एका रविवारी सकाळी ससा, त्याचा पिंजरा आणि अर्धी पिशवी वाळके गवत असा सारा संसार आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दाखल झाला. त्याचे नाव तुलो. बंगालीत तुलो म्हणजे कापूस. माझ्या आईला ते नाव अपुरे वाटले. तिने दुसऱ्याच दिवशी त्याचा ‘तुळोबा’ केला, आणि तेव्हापासून तो आमच्या घरचा झाला.

पिंजरा दुकानात मिळतो तसाच होता. चारी बाजूंनी तार, खालीही तार, आणि तारेखाली बाहेर ओढता येईल असा पत्र्याचा ट्रे. दिसायला मोठा टापटिपीचा. तुळोबा अडीच किलोंचा, शांत स्वभावाचा. फारच शांत, असे माझ्या पत्नीचे पहिल्यापासून मत होते. “अहो, ससा म्हणजे उड्या मारणारा प्राणी ना? हा तर पेन्शनरासारखा बसून असतो,” असे ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी मुलीने त्याला मांडीवर घेतले असता त्याचे मागचे पाय वर आले, आणि त्या शांतपणाचे कारण दिसले. दोन्ही टाचांवरचे केस झिजून गेले होते. डाव्या टाचेवर रुपयाएवढी जागा लालबुंद होती आणि तिच्या मधोमध कातडी फुटली होती.

पशुवैद्य बाईंनी त्याला तपासले आणि पायांविषयी चार गोष्टी मला समजावून सांगितल्या. कुत्र्यामांजरांच्या तळपायाला जाड गादी असते. सशाला ती नसते. त्याच्या तळपायावर असतात फक्त दाट केस, आणि त्या केसांखाली पातळ कातडी. मातीत वा गवतात चालताना त्याची नखे जमिनीत रुततात आणि शरीराचा भार साऱ्या पावलावर वाटला जातो. कडक सपाट जागेवर नखे रुतत नाहीत, पंजा वर उचलला जातो आणि भार मागे टाचेवर येतो. तारेवर तर तो भार दोन-चार बारीक रेघांवरच पेलावा लागतो. केस झिजतात, कातडी सोलवटते, जखम होते. जखम चिघळली तर तिची लागण आत हाडापर्यंत जाऊ शकते, आणि तेथवर पोहोचलेल्या रोगावर इलाज फार कठीण असतो. वजनदार ससे, वाढलेल्या नखांचे ससे आणि रेक्स जातीसारखे आखूड, मखमली केसांचे ससे यांना हा धोका विशेष.

“आणि हा ओरडणार नाही,” बाई म्हणाल्या. “ज्याची शिकार होते तो प्राणी आपले दुखणे लपवतो. लंगडणारा ससा कोल्ह्याला आधी दिसतो. तेव्हा तुम्हीच पाहायला हवे. औषध मी देते. पण पायाखाली तीच तार राहिली, तर माझे औषध वाया जाईल.”

औषधाची चिठ्ठी माझ्या हाती आली, आणि जमिनीची चिंता माझ्या शिरावर.

तारेच्या तळाला सरसकट दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. जी पुस्तिका मी भाषांतरित केली होती तिच्यातही तळ तारेचाच सांगितला होता. तारेतील छिद्रे साधारण अर्धा इंच रुंद व एक इंच लांब असावीत, असे मापही दिलेले होते. ती पुस्तिका धंदा म्हणून ससे पाळणाऱ्यांसाठी होती. आपल्या देशात हा व्यवसाय लहान असला तरी त्यामागे संशोधन आहे. राजस्थानात अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे एक केंद्र हिमाचल प्रदेशात कुलूच्या खोऱ्यात गडसा येथे आहे, आणि तेथे अंगोरा सशांवर काम चालते. शेकडो ससे एके ठिकाणी असले म्हणजे खरा शत्रू असतो तो रोग, आणि त्यातही कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा व यकृताचा रोग. त्याचे सूक्ष्म बीज लेंड्यांतून बाहेर पडते आणि अन्नातून दुसऱ्या सशाच्या पोटात जाते. एक ससा दिवसाकाठी दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या तारेतून खाली पडून गेल्या, तर ससा आणि रोग यांची गाठ पडत नाही. शिवाय झाडलोटीची मजुरीही वाचते. थोडक्यात, तारेचा तळ ही शेकडो सशांच्या मालकाने शोधलेली सोय आहे. युरोपातल्या मोठ्या ससेपालन केंद्रांतही आता तारेवर पाय टेकण्यासाठी प्लास्टिकच्या पट्ट्या बसवतात, म्हणजे त्या सोयीची किंमत सशाच्या टाचा मोजतात हे व्यवसायालाही पटलेले आहे.

आमच्या घरी शेकडो ससे नव्हते, एक होता. तेव्हा पुस्तिकेतले उत्तर आमच्या प्रश्नाचे नव्हते. नवे उत्तर शोधण्यासाठी त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात कुटुंबाची सभा भरली.

पहिली सूचना माझी. पिंजराच नको, त्याला घरात मोकळा सोडावा. परंतु आमची जमीन गुळगुळीत मोझॅकची. तुळोबाला त्यावर ठेवताच त्याचे चारी पाय चार दिशांना पळू लागले. अशा निसरड्या जागेवर लहान सशांचे पाय कायमचे फाकू शकतात. सशाच्या मागच्या पायांत जोर मोठा असतो आणि पाठीचा कणा मात्र नाजूक. घाबरून मारलेल्या एका लाथेने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो, असेही बाईंनी बजावले होते. ती सूचना बारगळली.

दुसरी सूचना पत्नीची, लाकडाच्या भुशाची. वखारीत तो पैशाला पासरी मिळतो. पण कोणत्या लाकडाचा, हे कोण सांगणार? चीड आणि सीडर यांसारख्या तीव्र वासाच्या लाकडांतील द्रव्यांचा लहान प्राण्यांच्या यकृतावर परिणाम होतो. शिवाय बारीक भुसा नाकात जातो आणि जखमेला चिकटतो. दुकानात मिळणारी मांजराची वाळू तर त्याहून वाईट. ओल लागताच तिचे गोळे होतात, आणि ससा जे दिसेल ते कुरतडून पाहतो. पोटात गेलेला तसा गोळा प्राणावर बेतू शकतो.

मग गोणपाट आले. ते मी टेबलावर अंथरून उघड्या कोपराने दाबून पाहिले. पाच मिनिटांत कोपरावर जाळी उमटली. त्याचे सैल धागे नखांत अडकण्याजोगे होते. काथ्याचे पायपुसणेही त्याच परीक्षेत नापास झाले. चपलांची माती ओरबाडून काढण्यासाठी जे विणले आहे, ते झिजल्या टाचेवर दया कशी करणार?

वर्तमानपत्रे ओल शोषतात, ती विनासायास मिळतात, आणि आमच्यासारख्या छापील मजकुरावर पोट भरणाऱ्याच्या घरी तर त्यांना तोटाच नाही. पण नुसता कागद पायाखाली सरकतो आणि ओला झाला की चिखल होतो. खाली अस्तर म्हणून तो उत्तम, वर मात्र नको.

आई इतका वेळ गप्प होती. ती सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेली; माहेरी चार बैल आणि दोन म्हशी. ती म्हणाली, “अरे, जनावराच्या अंगाखालची जागा मऊ हवी की कडक हवी, यावर तुमचा वाद चालला आहे. आमच्या गोठ्यात पहिला प्रश्न असे तो कोरड्याचा. ओल्या गादीपेक्षा कोरडा दगड बरा. पेंढा कालचा असला तर तो पेंढा नव्हे, शेण.”

तिचे हे बोलणे पुढे पशुवैद्य बाईंच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी ते जसेच्या तसे मान्य केले. ओलीने कातडी भिजून मऊ पडते आणि मऊ पडलेली कातडी लवकर फुटते. मूत्रातून सुटणारा अमोनिया सशाच्या नाकाला व फुप्फुसांना बाधतो, आणि माणसाला वास येऊ लागण्याच्या पुष्कळ आधी तो खाली जमिनीलगत सशाला जाणवू लागलेला असतो. म्हणजे मऊपणा ही एकच कसोटी नव्हे. जमीन मऊ हवी, कोरडी हवी, पायाला पकड देणारी हवी, आणि चुकून खाल्ली तरी न बाधणारी हवी. या चारही गुणांची वस्तू बाजारात एका ठिकाणी मिळत नाही. ती घरी जमवावी लागते.

आम्ही ती अशी जमवली. तारेवर प्रथम एक सपाट फळी बसवली. तिच्यावर वर्तमानपत्रांचे जाड अस्तर. अर्ध्या भागात आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी चौघडी करून अंथरली. तिचे टाके बारीक आणि घट्ट, त्यामुळे नख अडकत नाही, आणि पाऊल मात्र बेताने रुतते. तुळोबा ती कुरतडून गिळत तर नाही ना, यावर आठवडाभर मुलीचा पहारा होता. तसे करणाऱ्या सशाला कापड देऊ नये. उरलेल्या अर्ध्यात भाताचा पेंढा, चार बोटे जाडीचा. तो आमच्या दूधवाल्याने हरयाणातून आणून दिला. जो पेंढा शेतात जळाला की त्याच्या धुराने दर हिवाळ्यात दिल्लीकर खोकतात, त्याच पेंढ्यावर एक जखमी ससा निवांत झोपतो, हे पाहून मला मोठी गंमत वाटली.

ससा विधीसाठी बहुधा एकच कोपरा ठरवतो, ही त्याची मोठी सभ्यता. तो कोपरा तुळोबालाच निवडू दिला, आणि तेथे कागद व गवत घातलेला उथळ ट्रे ठेवला. त्यामुळे बाकीची जागा बरीचशी कोरडी राहते. त्याच्या मूत्रात चुना पुष्कळ असतो, आणि ट्रेवर त्याचे पांढरे थर धरतात. ते साबणाने हटत नाहीत, लिंबाच्या रसाने वा व्हिनेगरने हटतात.

मे महिना आला आणि या व्यवस्थेत एक दुरुस्ती करावी लागली. दिल्लीचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि सशाला तर तिशीच्या पुढेच कासावीस व्हायला होते. त्याला घाम गाळून अंग निववता येत नाही; आपल्या लांब कानांतून तो जमेल तेवढी उष्णता बाहेर टाकतो. तेव्हा गोधडीशेजारी कोटा फरशीचा एक थंडगार तुकडा ठेवला. जो कडक दगड सदासर्वकाळ पायाखाली असता तर शाप ठरला असता, तो दुपारच्या दोन तासांपुरता वरदान ठरला. कारण दगडावर पडायचे की गोधडीवर, हे आता तुळोबा ठरवत होता. पुढे गॅलरीत लाकडी खोक्यात मातीही भरून ठेवली. संध्याकाळी तो तिच्यात असा काही खणू लागतो, की खाली दुसऱ्या मजल्यावर बीळ निघेल की काय अशी भीती वाटावी.

एवढे सारे सांगितल्यावर खर्च किती आला, असे कोणी विचारील. पैशांचा खर्च जवळजवळ नाही. खर्च आहे तो हातांचा, आणि तो रोजचा आहे. सकाळी ओला पेंढा उचलणे, कागद बदलणे, लेंड्या झाडणे, ट्रे धुणे, एक दिवसाआड गोधडी उन्हात टाकणे. या कामाला रोज वीस मिनिटे लागतात, आणि ती एकही दिवस चुकवून चालत नाही. येथे मला त्या पुस्तिकेतला एक तपशील फार मोलाचा वाटला. कॉक्सिडिओसिसचे जे बीज लेंड्यांतून बाहेर पडते, ते पडल्याक्षणी रोग लावू शकत नाही. ओलाव्यात आणि उबेत पक्व व्हायला त्याला एखाददुसरा दिवस तरी लागतो. तार जे काम लेंड्या खाली पाडून करते, तेच काम रोज सकाळचा झाडू त्या मुदतीच्या आत करू शकतो. तार आणि झाडू ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एकात कष्ट वाचतात आणि टाच झिजते. दुसऱ्यात टाच वाचते आणि कष्ट पडतात. सशाच्या जमिनीची निवड म्हणजे वस्तूची निवड नव्हे. हे कष्ट कोणी सोसायचे याची ती निवड आहे.

आमच्या घरी ते वाटून घेतले आहेत. सोमवार ते शुक्रवार मुलगी, शनिवारी पत्नी, रविवारी मी. आई कामात नाही, पण तपासणी तिच्याकडे आहे, आणि ती तपासणी कोणत्याही कार्यालयातल्या तपासणीपेक्षा कडक असते. मुलीने एकदा विचारले, “बाबा, आपल्याला चप्पल आहे, बैलाला नाल आहे, मग सशालाच काही का नाही?” मी तिला सांगितले, “त्याची चप्पल आपण रोज सकाळी पिंजऱ्यात अंथरतो.” तिला ते उत्तर पटले असावे, कारण तेव्हापासून तिने एकही सकाळ चुकवलेली नाही.

तुळोबाची उजवी टाच चार महिन्यांत केसांनी भरून आली. डावीची जखम मिटली, परंतु तेथे केस पुन्हा उगवले नाहीत. पावलीएवढी घट्ट, फिक्या रंगाची उघडी जागा राहिली आहे. ती जन्मभर सांभाळावी लागेल, असे बाईंनी सांगितले आहे. दर रविवारी आम्ही त्याला मांडीवर घेऊन दोन्ही पाय पाहतो, आणि नखे वाढली असतील तर कापून घेतो. आता तो पेन्शनरासारखा बसत नाही. पहाटे पाच वाजता त्याच्या उड्यांनी घर जागे होते, आणि त्याविषयी तक्रार करण्याची कोणाचीच इच्छा नसते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी ससा असेल, अथवा मुलांच्या आग्रहावरून यायचा असेल, तर एक साधी परीक्षा करून पाहावी. पिंजऱ्याच्या तळावर आपला उघडा कोपर टेकवावा, त्यावर भार द्यावा आणि पाच मिनिटे घड्याळाकडे पाहत बसावे. आपल्याला पाच मिनिटांनी कोपर उचलता येतो. ज्याला तो कधीच उचलता येणार नाही, त्याच्यासाठी आपण ती जागा निवडत आहोत, एवढे ध्यानात ठेवले की योग्य काय हे बहुधा आपोआप कळते. नंतर उरतो तो रोज सकाळचा झाडू.